जागा आमची, निवड कुणाची?

बाबासाहेब भंडाऱ्यात पडले, असं आपण म्हणतो. घरात म्हणतो, नाक्यावर म्हणतो, जयंतीच्या स्टेजवर माईक हातात आला की तिथंही म्हणतो. म्हणायची इतकी सवय झालीय की त्या वाक्यातला खोटेपणा कानाला टोचतही नाही. माणूस पाय घसरून पडतो, झाडावरून पडतो. बाबासाहेब पडले नाहीत, त्यांना पाडलं. कसं पाडलं आणि पाडण्याचं ते यंत्र आजही तेलपाणी करून कसं चालू ठेवलंय, ते मला या अंकात मांडायचं आहे. त्यासाठी भंडाऱ्याला जायच्या आधी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जाऊन यावं लागेल. मित्रांनो, दचकू नका. ज्या ‘पँथर’ नावावर आपण छाती फुगवतो ते नाव तिकडूनच आलं. मग तिकडची विधानसभा तेवढी परकी कशी?

हे आत्ताच कशाला, असं कुणी विचारील. तर लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांची मुदत घटनेच्या १०४ व्या दुरुस्तीनं जानेवारी २०३० पर्यंत वाढवलेली आहे. दर दहा वर्षांनी सभागृहात हात वर होतात, मुदत वाढते, आपण हुश्श करतो आणि झोपतो. या जागा आपल्याला नेमकं काय देतात, काय देत नाहीत, हे कुणी विचारत नाही. आपल्या पोरांत दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, आपल्या माणसाला तिकीट मिळालं, फटाके आणा. दुसरा म्हणतो, मतानं काय घंटा होतंय, सगळे साले चोर. दोघांनाही मी जॉर्जियाची गोष्ट सांगणार आहे.

१८६५ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्यानं गेली. पण दक्षिणेतल्या गोऱ्या जमीनदारांनी जुनंच राज्य नव्या नावानं चालवायला घेतलं. तेव्हा अमेरिकेच्या संसदेनं १८६७ साली दक्षिणेत लष्करी अंमल बसवला आणि काळ्या पुरुषांना मताचा हक्क दिला. एप्रिल १८६८ च्या निवडणुकीत जॉर्जियाच्या विधिमंडळावर तेहतीस काळे सभासद निवडून आले. त्यांच्यात पाद्री होते, कारागीर होते, कालपरवापर्यंत मालकाच्या शेतात राबलेले गुलामही होते. जुलैत सभागृह भरलं. सप्टेंबरात त्यांना बाहेर काढलं.

कारण काय दिलं ते नीट ऐका. राज्याच्या घटनेत काळ्यांना मत देण्याचा हक्क लिहिलाय, पण पद घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला नाही! म्हणजे काळ्यानं मत टाकावं, निवडून मात्र गोऱ्याला द्यावं. चौघे तेवढे वाचले. का वाचले? त्यांचा रंग इतका उजळ होता की त्यांच्या अंगात काळं रक्त किती हे सिद्धच करता येईना. आपल्याकडच्या जात पडताळणीचा थाट आठवा. सभागृहाच्या दारात उभं राहून रक्त मोजणारे कारकून दोन्हीकडे सारखेच.

हेन्री मॅकनील टर्नर नावाचा पाद्री ३ सप्टेंबरला त्या सभागृहात उभा राहिला. दयेची याचना त्यानं केली नाही. आपला हक्क माणूस म्हणून आहे, तो मागायला आपण उभे आहोत, असं त्यानं समोरच्यांच्या तोंडावर सांगितलं. तरी ठराव पास झालाच. मतं त्यांची होती.

पुढं काय झालं ते महत्त्वाचं. हाकललेल्या सभासदांपैकी एक फिलिप जॉइनर. त्याच महिन्याच्या १९ तारखेला तो काही शे काळ्या माणसांचा मोर्चा घेऊन आल्बनीहून कमिला गावी सभेला निघाला. गावात शिरताच गोऱ्यांनी गोळ्या घातल्या. दहा-बारा माणसं मेली, पळणाऱ्यांना रानात गाठून झोडलं. पुढच्या वर्षी एब्राम कोल्बी या सभासदाला रात्री घरातून ओढून जंगलात नेलं आणि तासन्‌तास फोडून काढलं. त्याआधी त्याला पैसे देऊ केले होते. पक्ष बदल, नाहीतर जागा सोड. तो विकला गेला नाही म्हणून चाबूक. अमेरिकेच्या संसदेच्या चौकशी समितीपुढं त्यानं हे सगळं स्वतः सांगितलं, मारणाऱ्यांत गावातली प्रतिष्ठित माणसं होती हेही सांगितलं. ट्युनिस कॅम्पबेल वरच्या सभागृहाचा सभासद. मॅकिन्टॉश परगण्यातल्या काळ्या मजुरांना त्यानं उभं केलं होतं. साठी उलटलेल्या त्या माणसाला १८७६ साली सक्तमजुरीवर पाठवलं.

दिल्लीसारखं तिथं वॉशिंग्टन होतं. वॉशिंग्टननं दम दिला, म्हणून १८७० च्या जानेवारीत हाकललेले सभासद परत आले. पण त्याच वर्षाअखेरच्या निवडणुकीनं गोऱ्यांची सत्ता पुन्हा बसली. मग मतपट्टी नावाचा कर आला, दहशत आली, मतदार याद्यांतून नावं उडाली. १९०७ साली शेवटचा काळा सभासद बाहेर पडला. त्यानंतर जॉर्जियाच्या विधिमंडळावर काळा माणूस निवडून यायला १९६२ साल उजाडलं. पंचावन्न वर्षं! आणि निवडून आलेल्या ज्युलियन बाँडलाही १९६६ च्या जानेवारीत त्याच सभागृहानं बसू दिलं नाही, कारण तो व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध बोलणाऱ्यांबरोबर उभा राहिला होता. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं त्याची जागा त्याला परत दिली. ९८ वर्षांनी तोच दरवाजा, तोच दरवान.

जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ छापली १८७३ साली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना. त्या साली दक्षिणेतल्या राज्यांत काळे सभासद अजून सभागृहात बसलेले होते. जोतीरावांना आशा वाटली ती उगाच नव्हे. पण बाबासाहेब कोलंबियात शिकायला गेले १९१३ साली. तोवर सगळा खेळ संपला होता. म्हणून १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं’ या ग्रंथात त्यांनी आपल्याला बजावून ठेवलं की अमेरिकेतल्या काळ्यांचं यादवी युद्धानंतर काय झालं ते अस्पृश्यांनी विसरता कामा नये. बाबासाहेबांना जॉर्जिया ठाऊक होता. भंडारा त्यांच्या वाट्याला यायचा होता.

आता भंडाऱ्याला येऊ. तलावांचा, भाताचा, विडीचा जिल्हा. आजचा गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत यातच होता. त्या गोंदियाचे कालीचरण नंदागवळी १९२० च्या दशकात मध्य प्रांताच्या कायदे कौन्सिलात बसलेल्या आपल्या पहिल्या सभासदांपैकी एक. पण ते सरकारनियुक्त. स्वतः बाबासाहेबही मुंबई कौन्सिलात गेले ते नियुक्त म्हणूनच. तेव्हा आपल्या माणसाला सरकार नेमायचं, आपण निवडत नव्हतो. आपणच निवडावा म्हणून बाबासाहेब लंडनला गोलमेज परिषदेत भांडले. स्वतंत्र मतदारसंघ मिळवला. गांधी येरवड्यात उपाशी बसले आणि २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. राखीव जागा वाढून १४८ झाल्या, निवडणारा मतदारसंघ मात्र संयुक्त झाला. म्हणजे उमेदवार आपला, मतदार सगळे.

इथंच जॉर्जिया आणि आपला देश यांची वाट वेगळी होते. तिथल्या मालकांनी काळ्याला मत देऊन खुर्ची काढून घेतली. इथल्या मालकांना अक्कल जास्त. त्यांनी खुर्ची दिली आणि त्या खुर्चीत कोण बसेल ते ठरवायचा हक्क स्वतःकडं ठेवला.

यावर लगेच कुणीतरी १९३७ साल काढील. स्वतंत्र मजूर पक्षानं संयुक्त मतदारसंघातच निवडणूक मारली ना? मारली. पण तेव्हा मुंबई इलाख्यात मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. विखुरलेल्या, अल्पसंख्य माणसांना एकजुटीनं आपला माणूस निवडता येत होता. स्वतंत्र भारतात ही सोय गेली. दोन जागांच्या मतदारसंघात दोन मतं, पण दोन्ही एकाला देता येणार नाहीत. हा बारीक कलम-बदल वाटतो. तो बारीक नाही. त्यानंच १९५२ ला मुंबईत घटनेच्या शिल्पकाराला काजरोळकरांकडून पाडलं. त्या निवडणुकीत सत्तर हजारांवर मतं बाद धरली गेली. दुसरं मत कुणालाच न देता कुजवण्याचा प्रचार झाला, त्याविरुद्ध बाबासाहेब आणि अशोक मेहता अर्ज घेऊन गेले, हाती काही लागलं नाही.

मग १९५४. भंडाऱ्याची पोटनिवडणूक का लागली ती कथाच ऐकण्यासारखी आहे. आधीच्या निवडणुकीत सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज जसानी निवडून आले. ते भागीदार असलेल्या विडीच्या पेढीचा लष्करासाठी विड्या पुरवण्याचा सरकारशी करार होता. सरकारशी धंदा करणारा सभासद होऊ शकत नाही, म्हणून ते अपात्र. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांचा अर्ज मात्र आधीच फेटाळला गेला होता. का? ते महानुभाव पंथाचे, मग महार कसे? सुप्रीम कोर्टानं १९५४ साली सांगितलं की पंथ घेतला तरी हा माणूस महारच राहिला, अर्ज फेटाळणं चूक. सगळी निवडणूकच रद्द झाली. पुन्हा तोच प्रश्न, दारात उभं करून विचारलेला: तुझं रक्त कुठलं?

मतदारसंघ पुन्हा दोन जागांचा, एक सर्वसाधारण, एक राखीव. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनकडून बाबासाहेब, समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. शरीर खचलेलं असताना बाबासाहेबांनी एप्रिलच्या उन्हात सभा घेतल्या, नेहरूंचं परराष्ट्र धोरण फाडलं.

निकाल काय लागला? अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी हरले.

थांबा. हा निकाल पुन्हा वाचा. मतदारसंघ एक, मतदार एकच, दिवसही तेच. सर्वसाधारण जागेवर या मतदारांनी काँग्रेसला नाकारलं. राखीव जागेवर काँग्रेसला घेतलं. तेव्हा काँग्रेसची लाट होती, नेहरूंची जादू होती, हे सगळं बकवास ठरतं. लाट असती तर मेहताही बुडाले असते. सवर्ण मतदाराला काँग्रेसचा कंटाळा आला होता, समाजवादी त्याला चालत होता, लोकसभेत विरोधकही चालत होता. त्याला चालत नव्हता तो एकच माणूस. मेहतांना एक मत देऊन ज्यांचा हात दुसऱ्या मताला बाबासाहेबांकडं वळला नाही, त्यांनी बाबासाहेबांना पाडलं. बोरकरांशी माझं भांडण नाही. बोरकर गेले काय, दुसरा कुणी असता काय, ती जागा ‘आवडेल अशा अस्पृश्या’साठी राखीव होती.

त्या निवडणुकीबद्दल जुने कार्यकर्ते एक गोष्ट सांगत आलेत. काहींनी सुचवलं की आपल्या लोकांनी दुसरं मत कुणालाच देऊ नये, कुजवावं, म्हणजे बाबासाहेबांचं पारडं जड होईल. बाबासाहेबांनी नाही म्हटलं. मी घटना लिहिली, मी लोकांना मत वाया घालवायला सांगणार नाही, हरलो तर हरलो, असा त्यांचा पवित्रा. भगत लोक ही गोष्ट डोळे पुसत सांगतात आणि बाबासाहेबांना देव करून मोकळे होतात. मला त्यात देवपण दिसत नाही, हिशेब दिसतो. मुंबईत कुजवलेल्या मतांविरुद्ध दाद मागणारा माणूस भंडाऱ्यात स्वतःसाठी मतं कुजवायला कसा सांगेल? मताची किंमत आपणच मातीत घातली तर उद्या कुठल्या तोंडानं ती मागणार?

आणि या पराभवानंतर काय झालं ते आपले पुढारी आपल्याला सांगत नाहीत. १९५५ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशननं ठराव केला की कायदेमंडळांतल्या राखीव जागा काढून टाका. कुणी केला? बाबासाहेबांच्या पक्षानं, बाबासाहेब हयात असताना. नोकऱ्यांतल्या आणि शिक्षणातल्या सवलतींबद्दल तो ठराव नव्हता, हे लक्षात ठेवा. नाहीतर उद्या तो ठराव आरक्षणविरोधी टोळ्या आपल्याच तोंडावर फेकतील. तो होता फक्त विधिमंडळाच्या त्या खुर्चीबद्दल, जिच्यात आपण बसतो आणि जिला दुसऱ्यांनी दोरी बांधलेली असते.

जॉर्जियातल्यासारखी हकालपट्टी इथं झालीच नाही असंही समजू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण धम्म घेतला. त्यानंतर राखीव जागेला उभं राहायचं तर हिंदू असल्याचं सांगावं लागे. डॉ. डी. पी. मेश्राम १९६२ साली महाराष्ट्र विधानसभेच्या राखीव जागेवर निवडून आले. सुप्रीम कोर्टानं त्यांची निवड रद्द ठरवली, कारण ते बौद्ध झाले होते. जॉर्जियानं रंग पाहिला, इथं बुद्ध पाहिला. १९९० साली कायदा बदलेपर्यंत चौतीस वर्षं विहारात बौद्ध आणि निवडणूक कचेरीत हिंदू, असं दोन तोंडांनी जगायला या व्यवस्थेनं आपल्या माणसांना भाग पाडलं.

आता सगळ्यात कठीण भाग. याच भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात, २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी झालं. सुरेखा, प्रियंका, सुधीर, रोशन. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावानं मारली. भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ साली सहा जणांना फाशी सुनावली, २०१० साली नागपूर खंडपीठानं तिची जन्मठेप केली, आणि ॲट्रॉसिटीचा कायदा कुठल्याच कोर्टात टिकला नाही. जातीचा प्रश्नच नव्हता म्हणे! भैयालाल भोतमांगे २०१७ साली गेले. त्या वेळी विधानसभेत राखीव जागांवरचे आमदार होते ना? होते. रस्त्यावर आधी कोण आलं? नागपूर, अमरावती, भंडाऱ्याच्या वस्त्यांतली माणसं. बाया आल्या, कॉलेजची पोरं आली, लाठ्या खाल्ल्या. आमदार मागून आले, काही आलेच नाहीत. आमदार वाईट होते म्हणून नव्हे. ज्यांच्या मतांवर ते निवडून येतात त्यांना दुखवायची त्यांची टाप नव्हती. कमिलात सभासदाला हाकलून मग मोर्च्यावर गोळ्या घालाव्या लागल्या. खैरलांजीत सभासदांना हाकलायची गरजच पडली नाही. ते सभागृहात सुखरूप बसलेले होते.

मग मत सोडून द्यायचं का? ‘घंटा’वाल्या मित्रांना आता माझं उत्तर. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरनं मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्कार टाकला. वरळीत दगड पडले, पोलीस घुसले, भागवत जाधव शहीद झाला. आणि काँग्रेसचा उमेदवार पडला. तो बहिष्कार म्हणजे घरी बसून मोबाईल चाळणं नव्हतं. ती संघटित माणसं होती. आमची मतं तुमच्या खिशात नाहीत, हे त्यांनी दाखवून दिलं. मत रोखून धरणं हेसुद्धा मताचं हत्यार आहे, पण ज्याच्या हातात संघटना आहे त्याच्याच. एकट्यानं मत न टाकणं म्हणजे शत्रूला फुकट दिलेलं मत.

आणि पँथर मुळात काय होता ठाऊक आहे? निवडणूक चिन्ह! जॉर्जियाला लागून अलाबामा. तिथला लाउंड्स परगणा. ऐंशी टक्के वस्ती काळ्यांची आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत काळं नाव जवळपास एकही नाही. त्या गरीब शेतमजुरांनी स्वतःचा पक्ष काढला. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना ओळखता यावं म्हणून मतपत्रिकेवर काळा पँथर छापला, जसा आपल्या आज्यांना ओळखता यावा म्हणून फेडरेशनचा हत्ती होता. ते चिन्ह ओकलंडच्या पोरांनी १९६६ ला उचललं, १९७२ ला ते मुंबईत आपल्याकडं आलं. लाउंड्सची माणसं पहिली निवडणूक हरली. जमीनदारांनी शेतावरून हाकललं तर तंबूत राहिली, पण यादीतली नावं काढू दिली नाहीत. १९७० साली त्यांच्यातलाच जॉन ह्युलेट परगण्याचा शेरीफ झाला. जे पद काळ्याला मारायला वापरलं जायचं, तेच त्यांनी हाती घेतलं. आधी माणसं उभी केली, मग यादी, मग चिन्ह, मग पद. आपल्याकडं उलटं चाललंय. आधी तिकीट, मग बॅनर, मग माणसं भाड्यानं.

म्हणून २०३० च्या आधी आपण स्वतःशी स्पष्ट व्हायला हवं. राखीव जागा काढा म्हणून आज ओरडणारे कोण आहेत ते मी ओळखतो. त्यांच्या सुरात सूर मिसळायचा नाही. पण मुदत वाढली की पेढे वाटायचेही नाहीत. मागणी करायची ती निवडीची. स्वतंत्र मतदारसंघ असो, मतं एकवटायची मुभा असो की आणखी कुठली पद्धत, आमच्या जागेवरचा माणूस आमच्या मतांनी उभा राहील आणि आमच्या मतांनी पडेल, अशी रचना मागायची. त्यावर वस्तीवस्तीत वाद घालायचा, कॉलेजात घालायचा, पुढाऱ्यांना त्यात ओढायचं.

आणि तोवर? आज भंडारा विधानसभेची जागा राखीव आहे. राज्यात अशा कितीतरी आहेत. राखीव जागेवरचा उमेदवार तुमच्या वस्तीत येईल, निळा गमछा घालील, पुतळ्याला हार घालील, जयभीम म्हणेल. त्याला एकच प्रश्न विचारा: दादा, तू कुणाला घाबरतोस? पुढच्या वेळी तुला कोण पाडू शकतं? त्याच्या उत्तरात आपलं नाव नसेल, तर तो माणूस आपला नाही. मग आपलं काम आहे ते नाव त्याच्या उत्तरात घालणं. मतदार याद्या तपासा, वस्तीतलं एक नाव गळू देऊ नका, मत विकणाऱ्याच्या दारात बसून त्याच्याशी बोला, बूथवर उभे राहा. हे काम कवितेएवढं झणझणीत नाही, पण भंडाऱ्यात आठ हजारच कमी पडली होती.

जयभीम.